रोमन पावाच्या मागावर

सांगली जिल्ह्यात ताईची बेकरी आहे. लाकडी भट्टी, लादी पाव, खारी आणि टोस्ट, गेली बरीच वर्षं. इटलीला जायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली: "राजे-महाराजे तू बघ, मला तिथले भटारी दाखव." रोमचा इतिहास सम्राटांच्या यादीतून वाचायची मला सवय. पण तिच्या अटीमुळे आमचा सगळा प्रवास धान्य, पीठ आणि भट्टीच्या मागे गेला, आणि त्यामुळेच या शहराची खरी ओळख झाली असं मला वाटतं. रोम चालायचं ते पावावर. गहू पिकवणारे, वाहणारे, दळणारे आणि पाव भाजणारे हात कुणाचे, हे कळलं की त्या संगमरवराकडे बघायची नजर बदलते.

बुधवार, रोम

सकाळी आठलाच कोलोसियमच्या दारात होतो. सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलेलं आणि त्याचा मुलगा टायटसने इ.स. ८० मध्ये खुलं केलेलं हे रंगमंडल १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद आहे. ज्या जागी नीरोने स्वतःच्या महालासाठी तळं खोदलं होतं, ती जागा नव्या घराण्याने लोकांच्या करमणुकीला दिली. पैसा आला जेरुसलेमच्या लुटीतून. ती लूट मिरवत नेणारे सैनिक जवळच्याच टायटसच्या कमानीवर आजही दिसतात. त्यांच्या खांद्यावर सात फाट्यांची ज्यूंची दीपमाळ आहे.

आत शिरण्याआधी बाहेरच्या कमानींवर बघा. रोमन आकडे कोरलेले आहेत. तळाला ऐंशी कमानी, त्यांतल्या शहात्तरांना क्रमांक. प्रेक्षकाने आपला क्रमांक बघायचा, त्या कमानीतून शिरायचं आणि ठरलेल्या जिन्याने आपल्या जागी जायचं. हजारो माणसं न चेंगरता आत जावीत आणि बाहेर पडावीत याचा विचार इथे दगडात केलेला आहे. भिंतीवर सगळीकडे भोकं दिसतात ती नंतरच्या काळातली. दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडी लोकांनी उपसून नेल्या, त्याच्या त्या खुणा.

फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, मात्र घाई करू नये. सीझरचं दहन जिथे झालं त्या मंदिराच्या अवशेषापाशी आजही कुणीतरी फुलं ठेवून जातं. पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो तो बॅसिलिका जूलियाच्या पायऱ्यांवर. ही न्यायालयाची इमारत. तिच्या संगमरवरी फरशीवर पटाच्या खेळाचे चौकोन आणि वर्तुळं खरवडलेली आहेत. आत वकिलांची भाषणं चालू असताना बाहेर रिकामटेकडे सोंगट्या हलवत होते. ताईने बोटाने एका घरातून दुसऱ्या घरात काल्पनिक सोंगटी सरकवली आणि म्हणाली, "अगं, यांना सकाळी सकाळी खेळायला वेळ कसा मिळायचा?"

त्याचं उत्तर काही अंशी सरकारी धान्यात आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याने स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त कोरून ठेवला त्यात दोन लाखांहून थोड्या अधिक नागरिकांना धान्य मिळत होतं असं म्हटलं आहे. माणशी महिन्याला पाच मोदियस, म्हणजे साधारण तेहेतीस किलो गहू. 'पाव आणि खेळ' एवढंच लोकांना हवं असतं, असं जुव्हेनल या कवीने कडवटपणे लिहिलं. मला त्याचं हे म्हणणं एकांगी वाटतं. फुकट गव्हाने फक्त पोट भरायचं. घरभाडं, तेल, सरपण, कापड हे सगळं कमवावंच लागे, आणि हा गहू दळून भाजून घ्यायचा खर्चही असायचाच.

गुरुवार, रोम

सकाळी पँथिऑन. दर्शनी भागावर अग्रिपाचं नाव आहे, पण आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२६च्या सुमारास पुरी झाली. जुन्या मंदिराच्या कर्त्याचं नाव त्याने तसंच राहू दिलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यावरच्या उघड्या गोल डोळ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. सळईचा एक तुकडाही न घालता ओतलेल्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. कारागिरांनी खाली जड दगडाची खडी वापरली आणि वर जाता जाता ती हलकी करत नेली. सगळ्यात वर तर पाण्यावर तरंगणारा प्युमिस. काँक्रीटला बळ देणारी ज्वालामुखीची राख नेपल्सजवळच्या पोत्सुओलीच्या बाजूची, तिथल्याच नावाने ओळखली जाणारी. वरच्या उघड्या डोळ्यातून पाऊस आत येतो, म्हणून फरशीला हलका उतार आणि बारीक भोकं आहेत. आम्हाला पाऊस मिळाला नाही, उन्हाचा गोल भिंतीवरून सरकताना मिळाला.

दुपारी टेस्ताच्चो. हे नाव सहलीच्या यादीत सहसा नसतं, पण माझ्या मते रोमच्या अर्थव्यवस्थेचं याहून प्रामाणिक स्मारक नाही. पस्तीसेक मीटर उंच, घेर सुमारे एक किलोमीटर, वर झाडी. लांबून साधी टेकडी वाटते. जवळ गेलं की कळतं, इथे माती नाहीच. ही टेकडी फुटक्या रांजणांची आहे. दक्षिण स्पेनमधून ऑलिव्हचं तेल ज्या गोलमटोल रांजणांतून यायचं त्यांच्या खापऱ्या इथे रचल्या आहेत. एक रांजण रिकामा तीस किलोचा, त्यात सत्तर लिटर तेल. मातीत तेल मुरून खवट व्हायचं, म्हणून तो परत वापरता येत नसे. मग तो फोडायचा, खापऱ्या रचायच्या आणि वास मरावा म्हणून वर चुना मारायचा. सुमारे पाच कोटी तीस लाख रांजण इथे आहेत असा अंदाज आहे. कित्येक खापऱ्यांवर वजन, निर्यातदाराचं नाव आणि तपासणीची नोंद शाईने लिहिलेली सापडली. म्हणजे ही टेकडी हेच एक दफ्तर आहे. पायथ्याच्या खाणावळींत मागची भिंत म्हणून काचेआड याच खापऱ्यांचे थर दिसतात. आम्ही तिथेच जेवलो.

शुक्रवार, ओस्तिया

पिरामिदेजवळच्या स्थानकावरून लोकल पकडली आणि अर्ध्या तासात ओस्तिया अँटिका. टायबर नदीच्या मुखावरचं हे रोमचं बंदर. आता समुद्र तीनेक किलोमीटर मागे सरकला आहे, त्यामुळे बंदर कोरड्या जमिनीत उभं दिसतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईइतकी गर्दी इथे नाही. ज्याच्याकडे रोममध्ये एक दिवस जास्तीचा आहे त्याने तो इथेच घालवावा.

नाट्यगृहामागे एक मोठा चौक आहे. तिन्ही बाजूंनी व्यापारी पेढ्यांच्या खोल्या आणि प्रत्येकीच्या उंबऱ्यापुढे काळ्यापांढऱ्या मोज़ेकची फरशी, म्हणजे पेढीची पाटीच. जहाज, दीपस्तंभ, डॉल्फिन, धान्याचं माप. एका फरशीवर हत्ती आहे आणि वर लिहिलं आहे की ही साब्राथाकरांची पेढी. साब्राथा आजच्या लिबियात. उत्तर आफ्रिकेतले जहाजमालक, सार्डिनियातले, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे, सगळ्यांची एका चौकात उठबस.

तिथून पुढे धान्य मोजणाऱ्यांच्या संघाचं दालन. याची फरशी बघायला मी आणि ताई दोघी गुडघ्यांवर बसलो. मधोमध गोल माप ठेवलेलं. एकजण पाठीवर पोतं घेऊन आलेला. दुसऱ्याच्या हातात मापावरचं धान्य सपाट करायची काठी. एका मुलाच्या हातात दोरीत ओवलेल्या खुणा, किती मापं झाली याचा हिशोब ठेवण्यासाठी. हमाल, मापाडी आणि मोजदाद ठेवणारा पोऱ्या. ताई मार्केट यार्डात गहू घ्यायला जाते. ती म्हणाली, "काठी फिरवणाऱ्याच्या हातावर सगळं असतं. दाबून फिरवली की शेतकरी मेला, अलगद फिरवली की गिऱ्हाईक." मापाड्यांचा संघ शहरात एवढा मानाचा का होता हे मला त्या एका वाक्याने कळलं.

इजिप्त आणि आफ्रिकेतून येणारा गहू मोठ्या जहाजांतून इथपर्यंत यायचा, छोट्या नावांत उतरायचा आणि त्या नावा काठावरून ओढत रोमला न्यायच्या. ओस्तिया अपुरं पडलं म्हणून सम्राट क्लॉडियसने उत्तरेला नवं बंदर बांधायला घेतलं आणि ट्रेजनने त्यात षटकोनी गोदी खोदली. आपलं विमान फ्युमिचिनोला उतरतं ते त्या गोदीच्या अगदी शेजारी.

ओस्तियात बहुमजली चाळी आहेत, विटांच्या. खाली दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. गल्लीत एक खानावळ जशीच्या तशी उभी आहे. संगमरवरी ओटा, मागे पायरीपायरीची फळी, भिंतीवर पदार्थांचं चित्र. पलीकडे एका बेकरीत ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची जाती रांगेने उभी. बाकीची स्नानगृहं आणि देवळं आम्ही चालता चालता पाहिली.

शनिवार, रोम

आज ताईच्या भटाऱ्याची भेट होती. तेर्मिनी स्थानकापासून ट्रामच्या रुळांच्या कडेने चालत गेलं की पोर्ता माज्जोरे लागतं. क्लॉडियसने इ.स. ५२ मध्ये पूर्ण केलेले दोन जलसेतू जिथे रस्ता ओलांडतात ती ही दुहेरी कमान. तिच्या पुढ्यात जाळीच्या कुंपणात एक विचित्र दगडी वास्तू आहे. खाली उभे नळकांडे, वर आडवी मोठी गोल भोकं. हे मार्कुस व्हर्जिलिअस युरिसेसीझ याचं थडगं. इसवी सनाच्या आधी, प्रजासत्ताकाच्या अखेरच्या दशकांत बांधलेलं. नंतर कधीतरी नगरद्वाराच्या बुरुजात ते गाडलं गेलं आणि १८३८ मध्ये बुरुज पाडला तेव्हा आतून बाहेर आलं.

त्यावर लिहिलंय की हे युरिसेसीझचं स्मारक आहे, तो भटारी आणि ठेकेदार होता. नावावरून तो बहुधा दास्यातून मुक्त झालेला. सरकारी पावाचा ठेका घेऊन श्रीमंत झाला आणि मेल्यावरही आपला धंदा लपवावा असं त्याला वाटलं नाही. ती गोल भोकं म्हणजे कणीक मळायची भांडी असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. वरच्या पट्टीत मात्र शंकेला जागाच नाही. गहू मोजून घेणं, गाढवांनी फिरवलेली जाती, पीठ चाळणं, घोड्याने फिरवलेलं कणीक मळायचं यंत्र, लांब टेबलावर गोळे करणारी माणसं, घुमटाची भट्टी आणि तिच्यात लांब दांड्याच्या फळीने पाव सरकवणारा, मग तराजू, टोपल्या आणि टोगा हा रोमन नागरिकांचा झगा घातलेले अधिकारी.

ताईने कुंपणाला नाक लावून क्रम तपासला. भट्टीवाल्याच्या उभं राहण्यावरून ती म्हणाली, "हा बरोबर आहे. एक पाय मागे लागतो, नाहीतर फळी ओढताना तोल जातो. कोरणाऱ्याने बेकरीत उभं राहून बघितलंय." एवढा बारकावा मी एकटी असते तर पाहिला नसता.

याच थडग्याशी जोडला जाणारा एक लेख आहे, युरिसेसीझच्या बायकोचा. 'आतिस्तिया माझी पत्नी होती, उत्तम स्त्री. तिच्या देहाचं जे उरलं ते या पावाच्या टोपलीत आहे.' तिच्या अस्थी ठेवायला त्याने पावाच्या टोपलीच्या आकाराचं पात्र घडवून घेतलं होतं.

दुपारी डायोक्लेशियनच्या स्नानगृहातल्या संग्रहालयात गेलो, मला तिथली एक गोष्ट बघायची होती म्हणून. लोखंडाची गळपट्टी आणि तिला लटकवलेला बिल्ला. बिल्ल्यावर लिहिलंय: मी पळालोय, मला धर, माझा मालक झोनिनस याच्याकडे मला परत आणलंस तर सोन्याचं नाणं मिळेल. ही पट्टी माणसाच्या गळ्यात होती. युरिसेसीझसारखा एखादा सुटला आणि वर आला. त्याच्या जात्यांभोवती आणि भट्टीपाशी राबणारे बहुतेक न सुटलेले. रोमचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने ही पट्टी बघून मगच पँथिऑनला जावं, असं माझं ठाम मत झालंय. आमचा क्रम उलटा झाला.

रविवार, नेपल्स

वेगवान गाडीने सव्वा तासात नेपल्स. सामान टाकलं आणि थेट पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईची खरी घरं पॉम्पेईत आहेत, पण घरांतलं सामान, चित्रं आणि भांडीकुंडी बहुतेक इथे. म्हणून आधी हे बघावं.

इथे जळून कोळसा झालेला एक पाव आहे, पॉम्पेईसोबतच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावचा. गोल, वर आठ भागांच्या रेघा. त्यावर शिक्का: 'केलेर, क्विंतुस ग्रानिउस वेरुसचा दास.' सामायिक भट्टीत कुणाचा पाव कोणता हे कळावं म्हणून असे शिक्के मारत असावेत. शिक्क्याची अक्षरं आजही सरळ वाचता येतात. दुसरं चित्र पॉम्पेईचं: फळीच्या टपरीवर पावांची चळत, मागे पांढऱ्या कपड्यातला माणूस, समोर हात पसरलेली मंडळी. पूर्वी हा पाव विकणारा मानला जाई. आता हा निवडणुकीला उभा असलेला कुणी फुकट पाव वाटत असावा, असंही म्हटलं जातं. मला दुसरं पटतं. विक्रेता एवढ्या उंचावर आणि एवढ्या शुभ्र कपड्यांत बसत नाही, आणि पैसे देतानाचा हात कुठेच दिसत नाही.

मग ती. शृंगारिक वस्तूंसाठी राखून ठेवलेल्या 'गुप्त दालना'त एका काचेच्या पेटीत पाव मीटरभर उंचीची हस्तिदंती स्त्री उभी आहे. अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना ती पॉम्पेईतल्या एका घरात सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यात आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. हिच्याशी फार मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशाच जातीची हस्तिदंती बाई मिळाली आहे. इ.स. ७९च्या आधी दख्खनच्या कुठल्याशा कारागिराच्या हातून निघून ती बैलगाडीने किनाऱ्यावर, तिथून मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रात, पुढे नाईलवरून आणि भूमध्य ओलांडून इथवर आली असावी. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तेरहून भडोचला येणाऱ्या मालाचा उल्लेख आहे, कल्याण आणि चौलचाही. या दालनात तिला ठेवणं मला पटलं नाही. तिच्याकडे कामुक वस्तू म्हणून बघणं हा बघणाऱ्यांचा प्रश्न आहे. ती शेजारच्या व्यापाराच्या दालनात हवी.

सोमवार, पॉम्पेई

लोकल गाडी व्हेसुव्हियसच्या पायथ्याला वळसा घालत जाते. ताई सगळा वेळ डोंगराकडेच बघत होती. मला कालच्या मूर्तीवरून प्लिनी हा रोमन लेखक आठवला. हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो, अशी तक्रार त्याने लिहिली. हा मोठा प्लिनी मिसेनम इथल्या आरमाराचा प्रमुख होता. इ.स. ७९ मध्ये डोंगरावर छत्रीसारख्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग उठला तेव्हा तो जहाजं घेऊन लोकांच्या मदतीला निघाला आणि स्ताबिएच्या किनाऱ्यावर मेला. त्याच्या पुतण्याने हे सगळं इतिहासकार टॅसिटसला पत्राने कळवलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट मानतात, पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरची तारीख सापडली, त्यामुळे तो शरद ऋतूत झाला असावा हे मत बळावलं.

पॉम्पेईत तीसहून अधिक बेकऱ्या सापडल्या आहेत. पोपिडिअस प्रिस्कसच्या बेकरीत गेलो. चार जाती, डमरूच्या आकाराचा वरचा दगड खालच्या सुळक्यावर बसवलेला, मधे लाकडी दांडा घालायला चौकोनी खाचा, आणि बाजूला विटांच्या कमानीची भट्टी. ताईने तोंडाची उंची मापली, आत डोकावली आणि म्हणाली, "आमच्यापेक्षा तोंड लहान आहे. उष्णता धरून ठेवणारी भट्टी आहे ही." जवळच्याच दुसऱ्या एका बेकरीत १८६२ मध्ये भट्टीतच ८१ पाव मिळाले होते. त्या सकाळी ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

२०२३ मध्ये शहराच्या नवव्या विभागात आणखी एक बेकरी उघडी पडली. खिडक्यांना लोखंडी गज. फरशीत गोल फिरणाऱ्या जनावरांच्या पावलांसाठी खुणा कोरलेल्या, म्हणजे आत माणसं आणि गाढवं दोन्ही कोंडून फिरवत. ही वार्ता मी ताईला तिथेच, जात्यांपाशी उभी राहून वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. नंतर रस्त्यात म्हणाली, "आमच्याकडे रात्रीची पाळी दोन वाजता सुरू होते. पोरांना मी दार उघडं ठेवायला सांगते, वारा येतो म्हणून."

रस्ते मात्र बघत राहावेत असे. गाड्यांच्या चाकांनी दगडात खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत, आणि पावसात पाय न भिजता पलीकडे जायला मधे उंच दगड ठेवले आहेत. कारंज्यांच्या कठड्यावर पाणी प्यायला वाकणाऱ्यांनी जिथे हात टेकला तिथे दगड झिजून गुळगुळीत झाला आहे. पाचव्या विभागातली, आता पाहता येणारी खानावळ आम्ही सावकाश पाहिली. ओट्यावर उलटी टांगलेली बदकं आणि साखळीतला कुत्रा, रंग अजून ताजे. ओट्यातल्या मडक्यांत बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाईंचे अवशेष मिळाले.

भिंतीभर लिहिलेलंही आहेच, या शहरात अकरा हजारांहून अधिक लेख. अमक्याला निवडून द्या, तमक्याने उधारी ठेवली, मी इथे आलो होतो. एकाने तर भिंतीलाच म्हटलं आहे की एवढ्या लिहिणाऱ्यांचा कंटाळा सोसूनही तू ढासळली नाहीस, याचं मला नवल वाटतं.

मंगळवार, हर्क्युलेनियम

आजचं गाव लहान आणि पॉम्पेईपेक्षा मला जास्त आवडलेलं. इथे आधी राखेचा पाऊस फारसा झाला नाही, भडकलेला गरम लोळ आला आणि गाव वीसेक मीटर खोल गाडलं गेलं. लाकूड जळून राख न होता कोळसा झालं, म्हणून टिकलं. सरकतं लाकडी दार, पलंग, वरच्या मजल्याच्या तुळया, सगळं जागच्या जागी. सेक्स्तुस पातुल्किउस फेलिक्सच्या बेकरीत वेगवेगळ्या मापांचे कांस्याचे साचे मिळाले, आणि भट्टीवर नजर लागू नये म्हणून लिंगाची आकृती होती. ताई लगेच म्हणाली, "आम्ही लिंबू-मिरची बांधतो."

जुन्या किनाऱ्यावर नावा ठेवायच्या कमानींत सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले. समुद्रावरून सुटका होईल म्हणून ती सगळी तिथे जमली होती. तिथे जास्त वेळ थांबलो नाही.

मी गेले होते एका गटारासाठी. एका मोठ्या इमारतीखालून जाणाऱ्या मैल्याच्या बोगद्यातून अभ्यासकांनी साडेसातशे गोणी गाळ काढला आणि चाळून बघितला. अंजिराच्या बिया, खसखस, माशांची हाडं, समुद्री अर्चिनचे काटे, ऑलिव्हच्या बिया. वर राहणारी माणसं दुकानदार, कारागीर आणि भाडेकरू होती, श्रीमंत नव्हेत, आणि त्यांच्या पोटात इतकं विविध अन्न होतं. नुसत्या गव्हावर जगणारी गरीब जनता ही माझी कल्पना इथे पुसली गेली. बंदराजवळच्या गावात तरी खाणं बरं होतं.

परतीच्या गाडीत ताईने वहीत काय काय टिपलंय ते वाचून दाखवलं: भट्टीच्या तोंडाची मापं, पावावरच्या आठ रेघा, शिक्का. तिला गावी गेल्यावर आपल्या भट्टीत तसा पाव करून बघायचा आहे. जाडं गव्हाचं पीठ, कमी खमीर, कडेला दोरी बांधून आवळलेला. मला त्याआधी तेरला जायचंय, तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात, आणि मग कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथे आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती पाहिलेली नाही. ताई म्हणते, गव्हाची गाडी कोल्हापूरला जाते तेव्हा चल.